पाहुण्यांची वही आणि मिनोरीचा पोरगा

दक्षिण इटलीत, सालेर्नोच्या आखाताकडे तोंड करून उभ्या असलेल्या डोंगररांगेच्या एका सोंडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर उंचीवर रावेल्लो हे गाव वसले आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. खाली अमाल्फी, आत्रानी आणि मिनोरी ही किनाऱ्यावरची गावे, मधल्या उतारावर दगडी बांधांनी पेललेली लिंबांची आणि द्राक्षांची पायऱ्यापायऱ्यांची शेती, आणि वर हे गाव. साहित्याच्या अभ्यासकाला ते ठाऊक असते ते वेगळ्या कारणाने. बोकाच्चो, वाग्नर, आंद्रे जीद, ई. एम. फॉर्स्टर, गोर विदाल अशी नावे या एवढ्याशा गावाशी जोडली गेली आहेत. गावात हिंडणाऱ्याला ही नावे भिंतींवरच्या संगमरवरी पाट्यांवर आणि हॉटेलांच्या माहितीपत्रकांत पुनःपुन्हा भेटतात. अमुक येथे उतरले होते, तमुक येथे राहून गेले, असा तो मजकूर.

या पाट्या वाचताना एक प्रश्न मनात येतो. एखाद्या गावाचा इतिहास म्हणजे त्या गावी येऊन गेलेल्यांची यादी, हे समीकरण आपण इतक्या सहजतेने का स्वीकारतो? आणि साहित्याच्या इतिहासाने हे समीकरण रूढ करण्यात किती हातभार लावला आहे? रावेल्लोतील काही वास्तूंच्या आणि त्यांच्याशी निगडित काही साहित्यकृतींच्या आधारे या प्रश्नाकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

रावेल्लोत ऐतिहासिक वास्तू आणि हॉटेल असा भेद फारसा करता येत नाही. पालुंबो हॉटेल ज्या वास्तूत आहे तो कॉन्फालोने घराण्याचा मध्ययुगीन वाडा. द'आफ्लित्तो घराण्याच्या वाड्यात १८९३ साली पान्तालेओने कारुसो या स्थानिक गृहस्थाने पाहुण्यांची सोय केली, आणि त्याचेच पुढे कारुसो हॉटेल झाले. प्रसिद्ध गायकाशी या नावाचा संबंध नाही. पान्तालेओने हे नाव मात्र अस्सल रावेल्लोचे आहे, कारण गावाच्या मुख्य चर्चमध्ये संत पान्तालेओनेचे रक्त म्हणून एक कुपी जपून ठेवलेली आहे, आणि २७ जुलैला त्याचा उत्सव होतो. व्हिला चिम्ब्रोने हे एकाच वेळी प्रेक्षणीय स्थळही आहे आणि हॉटेलही. म्हणजे ज्या वाड्यांत एकेकाळी व्यापारी राहत, त्यांतच पुढे प्रवासी राहू लागले. व्यापारी ते पर्यटक हे स्थित्यंतर इथल्या भिंतींनी भिंती न बदलता पाहिले आहे.

मुळात हे वाडे इथे आले कसे? मध्ययुगात अमाल्फी हे भूमध्य समुद्रावरील व्यापाराचे मोठे केंद्र होते. तिथल्या व्यापाऱ्यांचे हात कॉन्स्टँटिनोपल आणि इजिप्तपर्यंत पोहोचलेले होते. १०८६ मध्ये रावेल्लोला स्वतंत्र बिशपचे पद मिळाले. पुढे ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने अमाल्फी लुटली आणि त्या नगरीचे वैभव ओसरू लागले. तरी रावेल्लोच्या धनिकांनी आणखी शंभर-दीडशे वर्षे आपला दिमाख टिकवला. चर्चचा ब्राँझचा दरवाजा ११७९ सालचा, त्रानीच्या बारिसानो या कारागिराने घडवलेला. आतले संगमरवरी व्यासपीठ १२७२ सालचे. नक्षीदार मोझाइकचे सहा खांब सहा सिंहांच्या पाठीवर उभे आहेत. फोज्जाच्या निकोला दि बार्तोलोमेओने ते घडवले आणि निकोला रूफोलोने त्याचा खर्च उचलला. हे रूफोलो घराणे म्हणजे त्या काळचे सावकार आणि राजाचे अधिकारी. नेपल्सच्या आंजू राजवटीला पैसा पुरवता पुरवता त्यांनी स्वतःची भरभराट करून घेतली, आणि १२८३ मध्ये त्याच राजवटीने त्यांच्यातल्या काहींना भ्रष्टाचाराच्या आरोपावरून कैद केले. घराण्याचा कणा तिथेच मोडला.

या घराण्याचे नाव टिकवले ते बोकाच्चोने. तारुण्याची काही वर्षे त्याने नेपल्समध्ये काढली होती. त्यामुळे या किनाऱ्याची कीर्ती त्याच्या कानी असणार. 'डेकॅमेरॉन'मधील दुसऱ्या दिवसाच्या चौथ्या कथेचा नायक लान्दोल्फो रूफोलो हा रावेल्लोचा व्यापारी आहे. आहे ती संपत्ती दुप्पट करण्याच्या हव्यासाने तो माल भरून सायप्रसला जातो. तिथे तोच माल आधीच येऊन पडलेला असल्याने त्याचे दिवाळे निघते. मग तो चाचेगिरी करतो, पुन्हा श्रीमंत होतो, जिनोआच्या लोकांकडून स्वतःच लुटला जातो, जहाज फुटते, आणि तो एका पेटीला कवटाळून कोर्फू बेटाच्या किनाऱ्याला लागतो. तिथे एक गरीब बाई वाळूने आणि समुद्राच्या पाण्याने आपली भांडी घासत बसलेली असते. ती त्याला केसांना धरून पाण्याबाहेर ओढते, घरी नेते, शेकते, खाऊपिऊ घालते. पेटीत रत्ने निघतात. ती फडक्यांत गुंडाळून लान्दोल्फो रावेल्लोला परततो आणि उरलेले आयुष्य सुखात घालवतो. घरी पोहोचल्यावर त्या बाईला तो बरीच मोठी रक्कम पाठवतो, याची नोंद बोकाच्चो आवर्जून करतो. मात्र तिचे नाव सांगत नाही.

कथेतल्या व्यापाऱ्याला नाव, गाव आणि कुळ आहे. त्याला जिवंत ठेवणाऱ्या बाईला फक्त काम आहे. नाव नसले तरी कथेची सारी गती मात्र तिच्यापाशी येऊन थांबते. बाजार, चाचे, वादळ यांनी हेलकावणारी ही गोष्ट भांडी घासणाऱ्या दोन हातांनी किनाऱ्याला लावली आहे. हे ध्यानात ठेवून आपण पुढच्या पाहुण्यांकडे वळू.

रूफोलोंचा वाडा कालांतराने मोडकळीस आला. १८५१ साली फ्रान्सिस नेविल रीड या स्कॉटिश गृहस्थाने तो विकत घेतला, त्याची डागडुजी करवली आणि पडक्या भिंतींच्या मधून बाग फुलवली. या कामात त्याला साहाय्य करणारा मिकेले रुज्जेरो पुढे पॉम्पेईच्या उत्खननाचा प्रमुख झाला. आज व्हिला रूफोलो म्हणून जे दृश्य छायाचित्रांत दिसते (पुढे फुलांचे ताटवे, मग छत्रीसारखे पाइन वृक्ष, एका लहान चर्चचे जोडघुमट आणि त्यामागे निळा समुद्र) त्यातील बाग अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातल्या एका परदेशी रसिकाच्या अभिरुचीतून उभी राहिली आहे.

२६ मे १८८० रोजी या बागेत रिचर्ड वाग्नर आला. त्या वर्षी तो सहकुटुंब नेपल्समध्ये मुक्कामाला होता. सोबत पत्नी कोसिमा आणि तरुण चित्रकार पाउल फोन जुकोव्स्की होते. बाग पाहून तो हरखला आणि तिथल्या पाहुण्यांच्या वहीत त्याने, क्लिंग्सोरची जादूची बाग सापडली, अशा आशयाची नोंद केली. 'पार्सिफाल' या त्याच्या अखेरच्या संगीतनाट्यातला क्लिंग्सोर हा मांत्रिक, आणि त्याची मायावी बाग हे दुसऱ्या अंकाचे स्थळ. या एका नोंदीवर रावेल्लोची आधुनिक कीर्ती बव्हंशी उभी आहे. १९५३ साली, वाग्नरच्या मृत्यूला सत्तर वर्षे झाल्याच्या निमित्ताने, या बागेत संगीताचे कार्यक्रम सुरू झाले. त्यांतूनच रावेल्लोचा संगीत महोत्सव वाढला. २०१० साली ऑस्कर नीमायर या ब्राझिलियन वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून गावात एक सभागृहही उभे राहिले.

वाग्नरला 'पार्सिफाल'ची प्रेरणा रावेल्लोत मिळाली, असे विधान पर्यटकांसाठीच्या मजकुरात सर्रास आढळते. ते खरे नाही. संहिता १८७७ मध्येच पुरी झाली होती, आणि संगीताचा आराखडा एप्रिल १८७९ मध्ये, म्हणजे रावेल्लोच्या भेटीच्या वर्षभर आधी. बागेच्या प्रवेशाचे स्वर वाग्नरने ही बाग पाहण्यापूर्वीच रचलेले होते. रावेल्लोने त्याला जे दिले ते नेपथ्य होते. जुकोव्स्कीने १८८२ च्या बायरॉइट येथील पहिल्या प्रयोगासाठी क्लिंग्सोरच्या बागेचा देखावा रंगवला, त्यामागे ही बाग होती. तेव्हा वाग्नरची नोंद आपण नीट वाचली पाहिजे. 'सापडली' असे तो म्हणतो. कल्पनेत आधी रचलेली वस्तू जगात कुठे तरी भेटल्याचा तो आनंद आहे. स्थळातून कलाकृती जन्मते, हा आपला आवडता समज इथे उलटा होतो: कलाकृतीने स्थळ जन्माला घातले आहे. आणि तेही एका दिवसाच्या भेटीत, एका स्कॉटिश माणसाने तीस वर्षांपूर्वी लावलेल्या बागेत, रशियन पित्याच्या पोटी जन्मलेल्या एका चित्रकाराच्या मदतीने. रावेल्लोच्या माणसांचा या आख्यानात कोठेही उल्लेख नाही.

याला एक सन्माननीय अपवाद व्हिला चिम्ब्रोनेचा. १९०४ साली अर्नेस्ट विल्यम बेकेट (पुढे लॉर्ड ग्रिमथॉर्प) या इंग्रज धनिकाने ती जागा घेतली. तिचे रूप पालटण्याचे काम त्याने निकोला मान्सी नावाच्या रावेल्लोच्याच माणसावर सोपवले. मान्सीचे वास्तुशास्त्राचे शिक्षण झालेले नव्हते. तो शिंपीकाम आणि न्हावीकाम करणारा माणूस. त्याने बुरूज, मंडप, तळघर आणि फुलझाडांचे रस्ते असे काही रचले, की प्रवासी आजही त्या लांबच लांब वाटेच्या टोकाशी, संगमरवरी अर्धपुतळ्यांच्या रांगेने सजलेल्या 'अनंताच्या सज्जा'वर, नि:शब्द उभा राहतो. मान्सीचे नाव अभ्यासकांच्या लिखाणात येते. पण व्हिलातली पाटी सांगते ती १९३८ सालची गोष्ट: ग्रेटा गार्बो आणि संगीत-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या मुक्कामाची. ज्याने बाग केली त्याच्यापेक्षा, तिथे काही दिवस लपून राहिलेली नटी गावाला अधिक उपयोगाची ठरली. यात गावाला दोष देण्यात अर्थ नाही. दक्षिण इटलीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आणि विसाव्याच्या आरंभी लक्षावधी माणसे पोटासाठी अमेरिकेच्या बोटीत बसत होती. पाहुणे वर चढत होते त्याच काळात गावकरी खाली उतरत होते. ज्या प्रदेशात उतारावरची लिंबे टोपल्यांत भरून, पाठीवर लादून, शेकडो पायऱ्या उतरत बंदरापर्यंत नेणाऱ्या बायकांना लोक 'मुंग्या' म्हणत, तिथे पाहुण्याच्या नावाची किंमत कळायला कोणी शिकवावे लागत नाही.

या पार्श्वभूमीवर मे १९०२ मध्ये रावेल्लोत उतरलेल्या तेवीस वर्षांच्या एका अप्रसिद्ध इंग्रज तरुणाची हकिकत महत्त्वाची ठरते. ई. एम. फॉर्स्टर आईबरोबर इटलीत हिंडत होता. गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका दरीत तो बसला असता एका कथेचा आरंभ आपोआप मनात उतरला, आणि हॉटेलवर परतून त्याने तो लिहून काढला, असे त्याने पुढे नमूद केले आहे. ती कथा म्हणजे 'द स्टोरी ऑफ अ पॅनिक'. १९०४ साली ती छापली गेली.

कथेतील मंडळी रावेल्लोतल्या एका हॉटेलात उतरलेले इंग्रज प्रवासी आहेत. चेस्टनटच्या रानात सहलीला गेले असता अकस्मात एक विलक्षण भय सर्वांना ग्रासते आणि सगळे पळत सुटतात. मागे राहतो तो युस्टेस नावाचा, कुणालाच न आवडणारा, आळशी, चौदा वर्षांचा मुलगा. तो सापडतो तेव्हा बदललेला असतो. त्याच्यात कसले तरी रानवट चैतन्य संचारलेले असते. जवळच्या मातीत बकऱ्याच्या खुरांचे ठसे असतात. वनदेव पॅन येऊन गेला, हे वाचकाला कळते. निवेदकाला ते कळत नाही, कारण निवेदक हा एक आत्मसंतुष्ट, सभ्य, सर्वज्ञतेचा आव आणणारा गृहस्थ आहे. युस्टेसला काय झाले ते एकट्या जेन्नारोला समजते. जेन्नारो हा हॉटेलातला तात्पुरता वेटर, मिनोरीहून वर आणलेला कोळ्याचा पोरगा. इंग्रजी बोलणारा नेहमीचा वेटर रजेवर असल्याने त्याला जागा मिळालेली आहे.

कथेतील एक तपशील मराठी वाचकाच्या ध्यानात चटकन भरावा असा आहे. जेन्नारो युस्टेसला एकेरी संबोधतो, याचा निवेदकाला राग येतो. वरच्या दर्जाच्या माणसाला 'तू' म्हणणे हा उद्धटपणा आहे आणि याबद्दल पोराला समज द्यायला हवी, असे त्याला वाटते. इंग्रजीत हा भेद उरलेला नसल्याने फॉर्स्टरला तो निवेदकाच्या तोंडून समजावून द्यावा लागतो. आपल्याला तशी गरज नाही. 'तू' हा शब्द अपमानाचाही असू शकतो आणि जिव्हाळ्याचाही, हे मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. आईला आणि विठ्ठलाला आपण एकेरीच हाक मारतो. जेन्नारोचे 'तू' या दुसऱ्या जातीचे आहे. सर्वनामाच्या या एका कळीतून फॉर्स्टरने त्या हॉटेलची सारी उतरंड उघडी केली आहे.

पुढे रात्री युस्टेस बागेत पळतो. त्याला पकडून दिलेस तर दहा लिरांची नोट देईन, असे आमिष निवेदक जेन्नारोला दाखवतो. मुलाचा विश्वास असलेला जेन्नारो त्याला धरून देतो. पण खोलीत कोंडले तर हा मुलगा रात्रीत मरेल, हे त्याला माहीत असते. तोच त्याला सोडवतो, त्याच्यासह खिडकीतून उडी घेतो, आणि युस्टेस दरीच्या दिशेने आनंदाने ओरडत निघून जात असताना जेन्नारो तिथेच कोसळून मरतो. ती नोट त्याच्यापाशीच असते.

कथेत त्रुटी नाहीत असे नाही. इंग्रज मुलाच्या मुक्तीसाठी इटालियन मुलगा मरतो. त्याचा जीव ही मुक्तीची किंमत म्हणून खर्ची पडतो. पददलित माणसाच्या ठायी निसर्गदत्त शहाणपण कल्पिण्याची युरोपीय खोडही येथे आहे. परंतु ज्या गावाची सारी ओळख पाहुण्यांच्या वहीतून घडत होती, तिथल्या हॉटेलात उतरलेल्या एका पाहुण्याने वही बाजूला ठेवून, ताट आणणाऱ्याकडे पाहिले, हे मान्य करायला हवे. जेन्नारोला त्याने नाव दिले. आणि जो त्याला पाहू शकत नाही अशा माणसाच्या तोंडी कथा घालून, हे न पाहणे हाच कथेचा विषय केला.

या धड्याचा पुढचा भाग भारतात लिहिला गेला, आणि तोही एका मराठी राज्यात. फॉर्स्टर १९१२ साली प्रथम भारतात आला. १९२१ मध्ये त्याने माळव्यातील देवास थोरल्या पातीचे पवार महाराज तुकोजीराव तिसरे यांचा खासगी सचिव म्हणून काही महिने काम केले. त्या दिवसांची पत्रे त्याने १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात प्रसिद्ध केली. दरबारातील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यात सविस्तर येतो. आता तो पाहुणाही होता आणि पगारी चाकरही. १९२४ मध्ये 'अ पॅसेज टू इंडिया' प्रकाशित झाली. तिच्या मध्यभागी पुन्हा एक सहल आहे, पुन्हा एक उलगडा न होणारी भयाची घटना आहे, आणि तिचा अर्थ लावू पाहणारी, पण लावू न शकणारी इंग्रज मंडळी आहेत. याही वेळी किंमत मोजतो तो यजमान. मराबारच्या गुहांचा आद्य आराखडा रावेल्लोच्या चेस्टनटच्या रानात सापडतो, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होऊ नये. फरक एवढाच की वीस वर्षांनी फॉर्स्टरला यजमानाचा बळी देऊन कथा मिटवता आली नाही. अझीज जिवंत राहतो, संतापतो, बोलतो, आणि मैत्रीच्या अटी स्वतः सांगतो.

रावेल्लोच्या वाड्यांचा इतिहास इथे संपत नाही. व्हिला एपिस्कोपिओत १९४४ साली इटलीचा राजा तिसरा व्हिक्तोर एमान्युएले राहत होता, आणि ५ जूनला त्याने राजाचे अधिकार युवराज उंबेर्तोच्या हाती सोपवले ते याच गावात. दोन वर्षांनी इटलीतली राजेशाहीच संपली. तेव्हा या टेकडीवर केवळ रसिकच आले असे नाही; एक राज्यही इथे मावळतीला लागले. त्याही वास्तूकडे बोट दाखवताना पुढे पाहुण्यांचीच नावे सांगितली जातात.

पाट्या काढून टाकाव्यात, असे या लेखाचे म्हणणे नाही. त्यांवरची नावे खरी आहेत आणि त्यांचा अभिमान वाटण्याजोगा आहे. म्हणणे एवढेच, की स्थळ आणि साहित्य यांचा संबंध शिकवताना आपण ज्या प्रश्नाने सुरुवात करतो, 'येथे कोण राहून गेले?', तो प्रश्न हॉटेलाच्या नोंदवहीचा आहे. साहित्याचा प्रश्न निराळा असतो. कोर्फूच्या वाळूत भांडी घासणारी ती बाई बोकाच्चोला दिसली, दहा लिरांची ती नोट फॉर्स्टरला दिसली. नोंदवहीत या दोन्ही गोष्टींना रकाना नाही.

मिनोरीहून रावेल्लोला जाणारी जुनी पायऱ्यांची वाट अजून आहे. लिंबांच्या बागांच्या कडेने ती वर चढते. पाहुणे बहुधा मोटारीच्या रस्त्याने येतात. कथेतला तो कोळ्याचा पोरगा कामावर रुजू व्हायला वर आला असेल, तो याच पायऱ्यांनी.